दात काढण्याआधीचा तो एक डोस

आजचा भाग एका डोसच्या इतिहासाचा आहे. दाढ ठणकते, गाल सुजतो आणि डेंटिस्ट पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतो, तो हा डोस नव्हे. हा दात काढायच्या तासभर आधी, एकदाच घ्यायचा. आणि गंमत म्हणजे तो दातासाठी नाहीच, हृदयासाठी आहे.

आपल्या तोंडात स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू कायम मुक्कामाला असतात. दात उपटला की जखमेतून ते थोडा वेळ रक्तात उतरतात. बहुतेकांचं शरीर त्यांना काही मिनिटांतच संपवतं. पण हृदयाची झडप आधीच खराब असेल, तर ते तिथे चिकटून घर करू शकतात. या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. पेनिसिलिन येण्याआधी तो झाला की माणूस गेल्यातच जमा असायचा.

दात आणि बाकीचं शरीर यांचं नातं जोडायची लाट त्याआधीच येऊन गेली होती. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून किडक्या दातांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांना फैलावर घेतलं. आत पू साचतो आणि त्यातून अंगभर रोग होतात, असं त्याचं म्हणणं. पुढची काही दशकं अमेरिकेत संधिवातापासून वेडापर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे दात उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटनने तर त्याचा कहर केला. (त्याच्यावर कधीतरी वेगळा भाग करावाच लागेल.)

ती लाट ओसरली, पण तिच्यातला एक कण खरा होता. १९३५ साली ओकेल आणि इलियट यांनी 'लॅन्सेट'मध्ये आकडे दिले: दात काढलेल्या १३८ जणांपैकी ८४ जणांच्या रक्तात लगेचच स्ट्रेप्टोकॉकस सापडले. पुढे पेनिसिलिन हाताशी आलं आणि १९५५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं, की झडपेचा दोष असलेल्यांना दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक द्या.

तर्क सरळ आहे. दात काढल्यावर जंतू रक्तात जातात, ते झडपेवर बसतात, अँटिबायोटिक त्यांना मारतं, म्हणून आधीच द्या. प्रत्येक कडी पटण्यासारखी. पण अख्खी साखळी खरंच काम करते का, हे अर्ध्या रुग्णांना डोस आणि अर्ध्यांना नुसती साखरेची गोळी देऊन कुणी तपासलंच नाही. आजार इतका विरळा, की अशा चाचणीला प्रचंड संख्येने रुग्ण लागतील. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशी एखादी जुनी ओळ कोडमध्ये असतेच. ती का लिहिली ते टीममध्ये कुणालाच धड माहीत नसतं, पण काढायला हात धजत नाही.

त्यात एक खोच होती. जंतू रक्तात जायला दातच काढावा लागतो असं नाही. २००८ मध्ये लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २९० जणांवर केलेला अभ्यास आला. डोस न घेता दात काढलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या रक्तात जंतू सापडले, अमॉक्सिसिलिन घेऊन काढलेल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या. आणि नुसतं ब्रशने दात घासणाऱ्यांपैकी? २३ टक्के. दात वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी काढतो, घासतो मात्र रोज. मग त्या एका डोसने नेमकं काय वाचतं?

याच विचाराने २००७ मध्ये अमेरिकेने यादी छाटली. कृत्रिम झडप बसवलेले, आधी हा आजार होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषाचे काही प्रकार, असे सर्वाधिक धोक्याचेच लोक तिच्यात ठेवले. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने मार्च २००८ मध्ये ती ओळच उडवली. कुणालाच देऊ नका! फायद्याचा पुरावा नाही आणि औषधाच्या ॲलर्जीने जीव जाण्याची भीती, हे कारण.

इंग्लंडमध्ये महिन्याला सरासरी १०,९०० असे डोस लिहिले जात होते, ते पुढच्या पाच वर्षांत सरासरी २,२३६ वर आले. पहिल्या दोन वर्षांत आजार वाढल्याचं दिसलं नाही. मग डेयर, थॉर्नहिल आणि सहकाऱ्यांचा 'लॅन्सेट'मधला अभ्यास आला. मार्च २०१३ पर्यंत एंडोकार्डायटिसचे रुग्ण जुन्या कलाच्या मानाने महिन्याला ३५ ने जास्त झाले होते. डोस बंद केल्यामुळेच वाढले, हे यातून सिद्ध होत नाही, असं लेखकांनीच लिहिलं. पण ३५ हे काही नुसते आलेखावरचे ठिपके नव्हेत.

ॲलर्जीच्या भीतीचंही नंतर वेगळंच चित्र निघालं. इंग्लंडच्या नोंदींत अमॉक्सिसिलिनच्या एका डोसने मृत्यू सापडला नाही. पेनिसिलिन न चालणाऱ्यांना जे क्लिंडामायसिन देत, त्याच्या दर दहा लाख प्रिस्क्रिप्शनमागे मात्र १३ मृत्यू होते. २०२१ मध्ये अमेरिकेने त्याची शिफारस काढून टाकली.

'नाइस'ने २०१६ मध्ये वाक्यात एकच शब्द घातला: 'सरसकट'. सरसकट देऊ नका. म्हणजे ठरावीक लोकांना द्यायला दार किलकिलं झालं. मला विचाराल तर ही पळवाट आहे, पण शहाणपणाची.

आता आपल्याकडे या. अमेरिकेने छाटलेल्या नावांत र्‍हुमॅटिक तापाने खराब झालेली झडपही होती. लहानपणी घसा धरतो, पुढे सांधे सुजतात आणि झडप कायमची बिघडते, तो हा ताप. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला, भारतात नाही. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये आपल्या आदिवासी रुग्णांपुरती ही झडप मुद्दाम यादीत ठेवली, कारण त्यांच्यात हा आजार आजही आहे. तेव्हा इथल्या डेंटिस्टच्या खुर्चीत अशी झडप असलेली बाई दात काढायला बसली, की आधी ठरवावं लागतं ते यादी कोणती धरायची, हेच.