नाकापेक्षा मोती जड नको

नाकातला दागिना ही आपल्याकडची अनादी काळापासूनची रीत, असे आपण सहज म्हणून जातो. लेणी मात्र वेगळे सांगतात. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यातली, इंद्रसभेतली अंबिका यक्षी नीट पाहा. आंब्याखाली सिंहावर बसली आहे, अंगावर दागिने आहेत, नाक मात्र मोकळे. अजिंठ्याच्या चित्रांतल्या राण्या आणि दासीही तशाच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. नाकातला दागिना आपल्याकडे साधारण गेल्या हजार वर्षांतला, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. पश्चिम आशियात तो त्याहून जुना. बायबलच्या जुन्या करारात रिबकेला सोन्याची नथ मिळते, वजन अर्धा शेकेल, म्हणजे पाच-सहा ग्रॅम!

आपली मोत्यांची नथ पेशवाईत बहरली. इराणच्या आखातातले बसरा मोती सोन्याच्या तारेत ओवायचे, मध्ये लाल किंवा हिरवा खडा. पण ही नथ मुरलेल्या भोकासाठी. आजीच्या वेळी सोनार घरी यायचा, नाक टोचून सोन्याची बारीक तार घालायचा. जखम भरेपर्यंत तीच. मग चमकी, आणि नथ सणासमारंभाला.

हे सगळे सांगायचे कारण माझी भाची. तिने घरच्या घरी नाक टोचायचे किट मागवले आहे. विचारते, "मावशी, पहिल्यांदा मोत्याचीच घालू ना?" मी म्हटले, सोनारानेच कान टोचावेत ही म्हण उगीच नाही. निर्जंतुक सुई आणि सरावाचा हात जिथे आहे तिथे जा. किटमधला पिवळा चकचकीत खडा तर घालूच नकोस. कसल्या धातूचा, हेच त्यावर लिहिलेले नाही.

धातूचे महत्त्व एवढ्यासाठी की ताज्या जखमेत तो महिनोन्‌महिने राहतो. स्वस्त दागिन्यांत बहुधा निकेल असते. त्याने खाज, पुरळ, पाणी सुरू होते, आणि निकेलची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. म्हणून युरोपीय संघाने १९९४ सालीच टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यांतल्या निकेलवर बंधन आणले. पांढऱ्या सोन्यातही कधीकधी निकेल असते, तेव्हा विचारून घ्या. चांदी काळी पडते, ती सुरुवातीला नको. शरीरात बसवण्याच्या प्रतीचे टायटॅनियम सर्वांत निर्धोक. सोनेच हवे असेल तर खात्रीच्या सोनाराकडचे घ्या, मुलामा दिलेले नको. एक गोष्ट ध्यानात ठेवा, दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि चमकी त्यात सहज बसते. म्हणून कॅरेट पावतीवर लिहून घ्या.

घडण साधी हवी. दांडी गुळगुळीत, साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची, आणि सूज सामावेल इतकी लांब. घट्ट फिरकी नको, तिच्या मागे घाण साचते. मोतीही नको. तो घामाने, मिठाच्या पाण्याने निस्तेज होतो. चापाची नथसुद्धा त्या नाकपुडीवर चढवू नका, ती जखमेवर दाब देते.

नाकपुडी भरायला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर दागिना सारखा फिरवायचा नाही. स्वच्छ हाताने, निर्जंतुक सलाईनने पुसायचे. लाली पसरली, पू आला, ताप आला तर डॉक्टरांकडे जायचे. दागिना आपल्या मनाने काढायचा नाही, भोक वरून बुजते आणि पू आत अडकतो.

भाची थोडी हिरमुसली. तिला म्हटले, अंबिका नथीवाचून शोभते, तर तू सहा महिने साध्या चमकीत का नाही शोभणार? आजीची नथ कपाटात आहे, भोक मुरले की घेऊन जा.