बंद मोसमातील इंजिन : ताडोबा परिसरातील जिप्सी, पावसाळा आणि ऑइलगळती

प्रस्तावना

यंत्राचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा यंत्राच्या शोधाकडे आणि त्याच्या प्रसाराकडे असते. यंत्र बंद असते तेव्हा त्याचे काय होते, हा प्रश्न इतिहासात क्वचितच विचारला जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र तो टाळता येत नाही; कारण येथील वाहतुकीला पूर्वापार मोसम आहे. युरोपात व उत्तर अमेरिकेत हौशी लोक आपली स्पोर्ट्स कार हिवाळ्यात झाकून ठेवतात. तेथे रस्त्यावरील बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकले जाते आणि त्या मिठाने गाडीचा पत्रा गंजतो. आपल्याकडे हिवाळा हा वाहनांचा सुगीचा काळ. गाडी उभी राहते ती पावसाळ्यात. कारण वेगळे असले, तरी महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या इंजिनातून तेल पाझरू लागते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या जिप्सी या वाहनाच्या संदर्भात या अनुभवाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाहतुकीचा मोसम

झाडीपट्टीतील बंडी पावसाळ्यात जंगलवाटेने जात नसे. आलापल्लीच्या जंगलातील सागवानाची तोड आणि वाहतूक ही कोरड्या ऋतूतील कामे होती. कमलापूर येथे आजही वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे, तेथील हत्तींकडून पूर्वी लाकूड ओढण्याचे काम घेतले जात असे. मोटार आली तरी हे वेळापत्रक फारसे बदलले नाही. डिसेंबर १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात भामरागडचा परिसर महिनोन्‌महिने बाहेरच्या जगापासून तुटलेला असे. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की पुढील काळातही भामरागडचा मार्ग बंद होत आला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि रस्त्यांची कामे वाढली. तथापि ‘बारमाही रस्ता’ हा शब्दप्रयोग या भागात ज्या आस्थेने उच्चारला जातो, त्यातच बारमाही नसलेल्या रस्त्यांचा इतिहास सामावलेला आहे.

ताडोबातील वाहनांचा मोसम मात्र चिखलाबरोबरच नियमांनीही ठरतो. ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९५५. अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि पुढे १९९५ च्या सुमारास दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. गाभा क्षेत्रातील पर्यटन आता साधारणतः १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद असते. बफर क्षेत्रातील काही प्रवेशद्वारांतून फेऱ्या चालू राहतात. म्हणून सर्वच गाड्या उभ्या राहतात असे नाही. परंतु मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांवर अवलंबून असलेल्या अनेक वाहनमालकांच्या दृष्टीने हे तीन महिने मिळकतीविना जातात. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह ती उठवली. ती बंदी बहुतांशी पावसाळ्यातच संपली, हा योगायोग गाडीमालकांच्या पथ्यावर पडला असेच म्हणावे लागेल.

जिप्सी

१९८५ च्या अखेरीस मारुती उद्योगाने जिप्सी बाजारात आणली, तेव्हा तिचे इंजिन ९७० सी.सी.चे होते. १९९६ मध्ये १२९८ सी.सी.चे इंजिन आले आणि २००० मध्ये कार्बोरेटरच्या जागी इंधन फवारणीची पद्धत आली. सैन्यदल, पोलीस आणि वनविभाग यांनी ती स्वीकारली. ‘रेड द हिमालया’सारख्या शर्यतींतही ती धावली. या अर्थाने आपल्याकडील सामान्यांच्या आवाक्यातील खरी स्पोर्ट्स कार जिप्सीच होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर बसून ज्याने जंगल पाहिले आहे, तो कदाचित या मताशी सहमत होणार नाही. २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन थांबले. त्यानंतर या गाडीच्या देखभालीला वेगळाच अर्थ प्राप्त झाला. नवी जिप्सी आता मिळत नाही. आहे ती टिकवायची, एवढाच मार्ग उरतो.

गळतीची मीमांसा

ऑक्टोबरमध्ये गाडी बाहेर काढली की जमिनीवर काळा डाग दिसतो आणि दोष पावसाला दिला जातो. हे अर्धसत्य आहे. पावसाळ्यानंतर दिसणाऱ्या गळतीचे मूळ पुष्कळदा उन्हाळ्यात असते. चंद्रपूरचे मे महिन्यातील तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि नेमका तोच व्याघ्रदर्शनाचा ऐन हंगाम असतो. जंगलात गाडी अगदी सावकाश, खालच्या गिअरमध्ये चालते, वारंवार थांबते. इंजिनावरून पुरेसा वारा वाहत नाही. या उष्णतेने क्रॅन्कच्या दोन्ही टोकांवरील रबरी ऑइल सील आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक होते. इंजिन नियमित चालू असेपर्यंत सीलची कड तेलाने ओली राहते आणि दोष झाकला जातो. तीन महिने गाडी उभी राहिली की ही कड कोरडी पडते, दांड्याला चिकटते. पहिल्याच सुरुवातीला ती खरवडली जाते आणि तेल वाट काढते.

दुसरे कारण धूळ आणि काजळी. पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारा वायू बाहेर घेणारी झडप तुंबली, तर इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि तो दाब तेलाला प्रत्येक फटीतून बाहेर ढकलतो. अशा वेळी एकामागून एक पॅकिंग बदलूनही गळती थांबत नाही. मेकॅनिकला दोष देण्यापूर्वी ही लहानशी झडप काढून साफ करावी. चेंबरचे किंवा टॅपेट कव्हरचे बोल्ट अधिक आवळणे हा आणखी एक सार्वत्रिक प्रमाद. त्याने पातळ पत्रा वाकतो आणि गळती वाढते.

जिप्सीत तेल केवळ इंजिनातूनच गळते असे नाही. गिअरबॉक्स, त्यापासून वेगळा बसविलेला ट्रान्सफर बॉक्स आणि पुढच्या चाकांजवळील गोलाकार सांधे, या सर्वांना स्वतःचे सील आहेत. नाल्यातून गाडी काढताना यांपैकी एखाद्या ठिकाणी पाणी शिरले, तर तेल दुधाळ होते. म्हणून गळतीचे निदान करण्यासाठी इंजिन धुऊन, रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. इंजिनाचे तेल तपकिरी वा काळे दिसते. गिअरचे तेल दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असते.

उभ्या गाडीची निगा

एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातील बहुतांश सायलेन्सरमधून जाते. थोडा अंश मात्र इंजिनाच्या तेलात मिसळतो आणि ज्वलनातील इतर घटकांबरोबर आम्लता निर्माण करतो. वापरलेले तेल तीन महिने इंजिनात तसेच ठेवणे म्हणजे बेअरिंग सौम्य आम्लात भिजत ठेवणे होय. यास्तव ऑइल आणि फिल्टर जूनअखेर, गाडी उभी करण्यापूर्वी बदलणे योग्य. प्रत्यक्षात बहुतेक मालक ते ऑक्टोबरवर ढकलतात. याचे कारण अज्ञान नव्हे. पुढील तीन महिने मिळकत नसताना जूनमध्ये खर्च करणे जिवावर येते. इंजिनाचे आयुष्य येथे तंत्रापेक्षा घरखर्चाच्या गणितावर ठरते आणि तंत्रविषयक पुस्तिकांमध्ये नेमकी हीच बाब सापडत नाही.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. बॅटरीच्या चिंतेतून ती आली आहे. पण तिने लाभापेक्षा हानी अधिक होते. पाच मिनिटांत तेल पुरते तापत नाही, पाण्याची वाफ बाहेर पडत नाही आणि सायलेन्सर आतून गंजतो. गाडी चालवायची तर वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. अन्यथा बॅटरीची तार काढून तिला विसावू द्यावे. हँडब्रेक ओढून ठेवू नये, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळणे २०२५ पर्यंत देशभर रूढ झाले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या जिप्सीचे रबरी पाइप त्यासाठी घडविलेले नव्हते. म्हणून ते पाइप दरवर्षी तपासणे अगत्याचे ठरते. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हा विषय प्रत्येक मालकाला ज्ञात असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही.

गळालेले तेल

बैलगाडीच्या आसाला वंगण लावण्याची सवय असलेल्या समाजात काळे ऑइल वाया जात नाही. कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासले जाते. या काटकसरीचे कौतुक वाटले, तरी वापरलेल्या तेलात धातूंचे सूक्ष्म कण असतात आणि २०१६ च्या नियमांनुसार त्याची गणना घातक कचऱ्यात होते. मोहर्लीच्या लगतच इरई धरणाचा जलाशय आहे आणि त्याचे पाणी चंद्रपूर शहराला जाते. ज्या जंगलात प्लास्टिकची पिशवी नेण्यास मज्जाव आहे, त्याच्या प्रवेशद्वाराशी रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांखालील मातीचीही कोणी तरी नोंद ठेवावयास हवी. ३० सप्टेंबरच्या सायंकाळी प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा अंथरून १ ऑक्टोबरच्या पहाटे तो पाहिला, तर पहिल्या फेरीपूर्वीच ही नोंद सुरू होईल. त्यासाठी पुठ्ठ्याव्यतिरिक्त कोणतीही सामग्री लागत नाही.