तीनशेचे साडेचारशे

निर्मात्याने नेमून दिलेल्या वेगाची सरहद्द ओलांडून घरगुती संगणकाचा प्रोसेसर चालविण्याच्या छंदाचा इतिहास लिहू जाता, १९९८ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरला अग्रमान द्यावाच लागतो. त्याचा गुणक, म्हणजे बसच्या गतीला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरे तो आकडा, साडेचारवर कायमचा जखडलेला असल्यामुळे मदरबोर्डवरील बसची गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्झने चाले. आणि त्याची १२८ किलोबाइटांची कॅश त्याच्याच पूर्ण वेगाने काम करीत असल्याने महागड्या पेंटियम टूशीही बरोबरी साधी.

मात्र यंत्र अडखळले की दोष नेमका कोठे, याची तहकीकात मोठी बिकट असे. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की बसच्या गतीचा १०० पेक्षा ८३ मेगाहर्ट्झचा मधला टप्पाच अधिक दगा देई. कारण हार्ड डिस्कची ये-जा ज्यावरून चाले त्या पीसीआय मार्गाची गती बसच्या ठरावीक हिश्शाने ठरे, आणि १०० चा तिसरा हिस्सा ३३ हा कायद्यात बसे, परंतु ८३ चा निम्मा हिस्सा ४१ च्या वर जाऊन हार्ड डिस्कवरील दप्तराची खराबी करी, नि ठपका निरपराध प्रोसेसरवर येई. खुद्द प्रोसेसरच कमी पडत असल्यास विद्युतदाब २.० व्होल्टवरून किंचित चढवीत. पण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, पंख्याचे सामर्थ्य जेथे सरे तेथे ही मुभाही संपे.