अर्जुनाचा पक्षी आणि बारा बोअरची बंदूक

तत्त्वज्ञानाचा मास्तर बंदुकीवर बोलणार म्हटल्यावर काहीजण गंमत बघायलाच आलेले दिसतात. येऊ देत. मी नेमबाज नाही. पण स्पर्धेच्या शॉटगनच्या घडणीत एक जुना प्रश्न आहे आणि तो मला सोडत नाही: नेम धरताना नजर कुठे ठेवायची?

द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. अर्जुनाला पक्ष्याखेरीज काही दिसत नव्हतं. त्यातला एक तपशील मात्र आपण विसरतो. तो पक्षी खरा नव्हता, कारागिरांकडून करवून झाडावर बसवलेला होता.

आता आपल्या कोल्हापूरच्या नेमबाजांकडे बघा. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन रायफलमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य मिळवलं. ही मंडळी नेमकी अर्जुनाच्या उलट वागतात! त्यांची नजर नळीच्या टोकाशी असलेल्या माशीवर स्थिर असते, लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. डोळा एका वेळी दोन्ही अंतरं स्वच्छ पाहू शकत नाही, आणि माशी केसभर हलली तरी पुढे गोळी कुठल्या कुठे जाते.

शॉटगनवाला मात्र खरा अर्जुन. लक्ष्य उडत असतं. त्यानं क्षणभर बंदुकीकडे पाहिलं, की हात थबकतो आणि पक्षी निघून जातो. म्हणजे ही बंदूक अशी घडवावी लागते, की तिच्याकडे बघायची गरजच पडू नये.

हे एकाएकी झालं नाही. पूर्वी इंग्लंडात जिवंत कबुतरं पेटीत कोंडून, पेटी उघडून त्यांवर छर्रे झाडायचे. पेटीला म्हणत ट्रॅप, तेच नाव खेळाला चिकटलं. मग काचेचे गोळे आले, आणि १८८० साली सिनसिनाटीच्या लिगोव्स्की नावाच्या गृहस्थानं मातीची चकती काढली. तरीही १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी जिवंत कबुतरं मारली गेलीच. इंग्लंडनं कायद्यानं हा प्रकार थांबवला तो १९२१ मध्ये. आपल्याकडे दाजीपूरचं शिकारीचं रान १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं, आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला.

पक्षी बदलला तशी बंदूकही बदलली. खरा पक्षी कुठेही वळतो. ट्रॅपची चकती ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची. ती समोरच्या खंदकातून सुटते आणि नेहमी वर चढत लांब जाते. म्हणून ट्रॅपच्या बंदुकीचा दस्ता उंच ठेवतात, छर्रे रोखल्या जागेच्या किंचित वर जातात. चकतीचं चढणं बंदुकीनंच हिशेबात धरलेलं असतं. शिकारीच्या दुनळीत नळ्या शेजारी शेजारी असत, इथे एकीवर एक आल्या, म्हणजे डोळ्यापुढे एकच अरुंद रेघ राहते. या रचनेला लोकमान्यता देणारी ब्राउनिंगची बंदूक १९३१ मध्ये बाजारात आली, ब्राउनिंग स्वतः १९२६ मध्येच वारला होता. वरच्या पट्टीला खाली झरोके असतात, सतत बार काढून नळी तापते आणि तिच्यावरची हवा लवलवते, त्यावर तो उपाय. पेराझीची एमएक्स-८ ही १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी केलेली. तिचा चापाचा सगळा संच काढता येतो. ऐन स्पर्धेत स्प्रिंग तुटली, तर दुसरा बसवायचा.

पण माझ्या मते खरी गोष्ट दस्त्याची आहे. रायफलला पुढे माशी असते, तशी मागेही नेम धरायची खाच किंवा भोक असतं. शॉटगनला मागे काही नाही. ती जागा नेमबाजाच्या डोळ्याची! गाल प्रत्येक वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकला नाही, तर नळी एकीकडे आणि नजर दुसरीकडे. म्हणून शिंप्यासारखी मापं घेऊन दस्ता करतात: लांबी किती, उतार किती, उजव्या-डाव्या हाताप्रमाणे बाक किती.

बिकानेरचे महाराजा करणीसिंह १९६२ मध्ये कैरोला ट्रॅपमध्ये जागतिक रौप्य घेऊन आले, पाच ऑलिंपिक खेळले. २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड, ते लष्करातले. एक राजा, एक फौजी. हा योगायोग नव्हे. एअर रायफलचा सराव दहा मीटरच्या हॉलमध्ये होतो. ट्रॅपला मोकळं माळरान, खंदक आणि प्रत्येक बाराला एक काडतूस लागतं. कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं रायफल-पिस्तुलाकडे का गेली, याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

माझ्या सासुरवाडीला पीकरक्षणाच्या परवान्याची एक दुनळी आहे. सासरे सहा फुटी, मी हा असा. लग्नानंतर एकदा नारळाच्या करवंटीवर बार काढला. करवंटी जागची हलली नाही, माझा खांदा मात्र आठवडाभर काळानिळा होता. सासरे म्हणाले, "जावईबापू, दस्ता माझ्या मापाचा आहे." आता सासरे नाहीत. निवडणूक लागली की मेहुणे ती ठाण्यात जमा करतात आणि निकालानंतर घरी आणतात.