नाव कोणाच्या दप्तरी? डोमेन-नावांच्या घाऊक बाजाराचा इतिहास

१६ मार्च २००७. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने रजिस्टरफ्लाय या अमेरिकी कंपनीला कळवले, की ३१ मार्चपासून तिचा डोमेन-नावे नोंदवण्याचा परवाना संपुष्टात येईल. लाखो नावे या कंपनीच्या खात्यावर होती. कंपनीचे भागीदार एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे होते, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर मिळत नव्हते आणि नूतनीकरणाचे पैसे भरूनही अनेकांची नावे मुदत संपून हातची जात होती. परवाना काढून घेणे एका पत्राचे काम होते. त्यापुढचा प्रश्न मात्र बिकट होता : ही लाखो नावे नेमकी कोणाकोणाची, हे सांगणारी वही कुठे आहे?

ती वही रजिस्टरफ्लायपाशीच होती.

हे असे का, ते कळण्यासाठी नावांचा हा बाजार कसा वसला ते मुळापासून पाहावे लागते. धागा लांबणार आहे.

१९७० च्या दशकात, अर्पानेटच्या काळात, जाळ्यावरील सगळ्या संगणकांची नावे एकाच फाईलमध्ये मावत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखाली ही यादी ठेवली जाई. नवे नाव हवे असेल, तर त्यांच्या कचेरीला कळवायचे. यादीत भर पडे आणि इतर संगणक ती यादी उतरवून घेत. गावात एकच कुलकर्णी असावा आणि सगळी खाती त्याला तोंडपाठ असावीत, तसा हा कारभार. गाव वाढल्यावर तो कोलमडणारच होता. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमचा आराखडा मांडला आणि एका यादीच्या जागी अधिकारांची उतरंड आली : प्रत्येक पायरीने फक्त खालच्या पायरीचा पत्ता सांगायचा. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स.कॉम हे पहिले डॉट-कॉम नाव नोंदले गेले. त्याला किंमत पडली नव्हती. नावे तेव्हा फुकट होती.

किंमत आली ती एका कंत्राटातून. १९९३ पासून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनबरोबरच्या कराराने नाव-नोंदणीचे काम नेटवर्क सोल्युशन्स या खासगी कंपनीकडे होते. १९९५ मध्ये एसएआयसी या मोठ्या कंपनीने ती सुमारे ४७ लाख डॉलरना विकत घेतली आणि त्याच वर्षी १४ सप्टेंबरपासून नोंदणीला शुल्क लागू झाले : दोन वर्षांचे १०० डॉलर. त्यातले ३० टक्के एका सरकारी निधीसाठी बाजूला काढायचे, बाकीचे कंपनीचे. (हा ३० टक्क्यांचा भाग पुढे न्यायालयाने बेकायदा कर ठरवला आणि १९९८ मध्ये दर ७० डॉलरवर आला.) जुन्या दप्तरांत ‘इजारा’ हा शब्द भेटतो, त्याच्याशी या व्यवस्थेचे नाते जवळचे आहे. तुलना तंतोतंत नाही, कारण इजारदार सरकारला आधी रक्कम कबूल करून मग वसुलीला निघे. इथे वसुलीचा हक्कच जवळजवळ बसल्या जागी मिळाला होता. डॉट-कॉम हवे असेल, तर दुसरे दार नव्हते.

ही मक्तेदारी मोडण्याचे प्रयत्न १९९८ मध्ये फळाला आले. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आयकॅनची स्थापना झाली. नावे आणि क्रमांक यांचा कारभार वर्षानुवर्षे ज्यांच्या शब्दावर चालला होता, ते जॉन पोस्टेल पुढच्याच पंधरवड्यात, १६ ऑक्टोबरला निवर्तले. एका माणसावरील विश्वासाची जागा आता करारनाम्यांनी घ्यायची होती.

करारनाम्यांनी एकाच दुकानाचे दोन मजले केले. तळाशी ‘रजिस्ट्री’, म्हणजे सगळ्या डॉट-कॉम नावांचे एकमेव कोठार. ते नेटवर्क सोल्युशन्सकडेच राहिले. वर ‘रजिस्ट्रार’, म्हणजे कोठारातून नाव उचलून ग्राहकाला देणारे व्यापारी. हे आता कितीही असू शकत होते. एप्रिल १९९९ मध्ये चाचणीसाठी पाच जणांची निवड झाली : अमेरिका ऑनलाइन, कोअर, फ्रान्स टेलिकॉम, मेलबर्न आयटी आणि रजिस्टर.कॉम. कोठाराचा दर आधी वर्षाला ९ डॉलर, मग २००० च्या आरंभी ६ डॉलर ठरला. किरकोळ ग्राहक तेव्हा वर्षाला ३५ डॉलर मोजत होता. ६ आणि ३५ यांच्या मधल्या या मोकळ्या जागेत घाऊक व्यापार जन्माला आला.

त्याचा खरा आरंभ टोरांटोत झाला, आणि तोही एका विलक्षण नावाच्या कंपनीत. टूकाउज हे मिशिगनमधील फ्लिंट येथे १९९३ मध्ये सुरू झालेले सॉफ्टवेअर-संग्रहाचे संकेतस्थळ. नावाचा उच्चार ‘दोन गायी’ असा होतो, म्हणून तिथे सॉफ्टवेअरला तारकांऐवजी गायी बहाल केल्या जात. उत्तम ते पाच गायींचे. पुढे ही कंपनी कॅनडात गेली आणि एलियट नॉस यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी २००० मध्ये तिने ‘ओपनएसआरएस’ ही सेवा उघडली. कल्पना साधी, पण दूरदर्शी होती. आयकॅनचा परवाना मिळवायचा, तर ७० हजार डॉलर खेळते भांडवल दाखवावे लागे, विमा आणि वार्षिक शुल्क निराळे. लहानशा इंटरनेट सेवादात्याला किंवा संकेतस्थळे बनवणाऱ्याला हे कुठून परवडणार? टूकाउजने त्यांना सांगितले : परवाना आमचा, दुकान तुमचे. नाव आम्ही १० डॉलरना देऊ, तुम्ही हव्या त्या किमतीला विका. दुकान चालवण्याचे सॉफ्टवेअरही मुक्त स्रोतातले, म्हणजे कोणीही उतरवून घ्यावे आणि हवे तसे बदलावे.

अशा रीतीने कोठारदार आणि रजिस्ट्रार यांच्या पुढे तिसरा माणूस उभा राहिला, तो रीसेलर. तो घाऊक व्यापाऱ्याकडे आगाऊ पैसे ठेवी. नाव विकले जाई तशी रक्कम त्यातून वळती होई. ग्राहकाला पावती रीसेलरची, बोधचिन्ह रीसेलरचे, फोन नंबरही त्याचाच. घाऊक कंपनी पडद्याआड. हीच या धंद्याची खुबी होती आणि, पुढे दिसले त्याप्रमाणे, हीच त्याची दुखरी जागाही.

मुंबईचा या कथेशी संबंध इथे येतो. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या दोघा भावांनी १९९८ मध्ये, अजून विशीही गाठलेली नसताना, मुंबईत डायरेक्टाय ही कंपनी काढली. तिच्या ‘रीसेलरक्लब’ने टूकाउजचाच धडा जगभर गिरवला : ज्याला दुकान मांडायचे त्याला डोमेन, होस्टिंग आणि ई-मेल यांचा तयार संच, वर नाव त्याचे स्वतःचे. २०१४ च्या प्रारंभी हा व्यवसाय अमेरिकेच्या एन्ड्युरन्स इंटरनॅशनलकडे गेला. भारतातील स्टार्टअपचा इतिहास सांगताना ग्राहकाला दिसणाऱ्या कंपन्यांचीच नावे घेतली जातात. पडद्याआडच्या या धंद्याकडे त्या मानाने लक्ष गेले नाही.

डोमेन-नाव ही ठेवायची वस्तू नसून वापरायची आहे, आणि तिचा सर्वांत रोजचा वापर म्हणजे ई-मेल. प्रत्येक नावामागे एक छोटी नोंद असते, ‘या नावाची टपाल अमुक सर्व्हरवर टाका’ असे सांगणारी. तिला एमएक्स नोंद म्हणतात. नाव विकणाऱ्याला ही नोंद आपोआप हाती येत असल्याने पेटी विकणेही ओघाने आलेच. घाऊक व्यापाऱ्यांना हे लवकर उमगले : नावावर वर्षातून एकदा थोडासा नफा सुटतो, पेटीचे भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला येते, आणि दहा वर्षांचा पत्रव्यवहार साठलेली पेटी सोडून ग्राहक सहसा जात नाही. टूकाउजने २००६ मध्ये क्रिटिकल पाथ या कंपनीचा ई-मेल व्यवसाय घेतला तो रीसेलरांना पुरवण्यासाठीच. त्याच वर्षी तिने नेटआयडेंटिटी ही कंपनीही घेतली. तिची पूर्वपीठिका मजेदार आहे : मेलबँक या नावाखाली तिने हजारो आडनावांची डोमेने आधीच नोंदवून ठेवली होती आणि त्या-त्या आडनावाच्या माणसांना ती ई-मेलसाठी भाड्याने देत असे. एव्हरी डेनिसन या उद्योगाने आपल्या दोन आडनावांवरून तिला न्यायालयात खेचले. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने मेलबँकच्या बाजूने कौल दिला. आडनाव भाड्याने देण्याचा हा धंदा कायद्याने मान्य झाला.

आता पुन्हा त्या वहीकडे. डॉट-कॉमची रजिस्ट्री ‘पातळ’ प्रकारची आहे. तिच्या कोठारात नाव असते, मुदत असते, सर्व्हरचे पत्ते असतात आणि ते कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे याची नोंद असते. मालकाचे नाव नसते. ते रजिस्ट्रारच्या दप्तरी. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर फक्त गट क्रमांक आणि आडत्याचे नाव असावे, आणि शेतकऱ्याचे नाव आडत्याच्या खासगी चोपडीत असावे, तसा हा प्रकार. साखळीत रीसेलर आला, की चोपडी आणखी एक घर लांब जाई. पुष्कळदा रीसेलर ग्राहकाच्या रकान्यात स्वतःचाच ई-मेल पत्ता भरून टाकी. कधी आळसाने, कधी हेतुपुरस्सर. मग नूतनीकरणाची सूचना त्याला, नाव दुसरीकडे नेण्याचा संकेतांकही त्यालाच. ज्याने पैसे दिले त्याचा कागदोपत्री पत्ताच नाही.

ग्राहकाला आपले नाव कोणाकडे आहे हे ठाऊक नसते, याचा फायदा उठवणारेही निघाले. डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका ही कंपनी लोकांना टपालाने नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी पत्रे पाठवी. पैसे भरले, की नाव आधीच्या व्यापाऱ्याकडून तिच्याकडे वळे. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली.

पण अशा पत्रांनी नावे एकेक करून जात. रजिस्टरफ्लायने सगळी वहीच संकटात टाकली. ही कंपनी मूळची ईनॉम या घाऊक रजिस्ट्रारची रीसेलर, पुढे स्वतःच परवानाधारक झालेली. ग्राहकाने भरलेले पैसे कोठारापर्यंत पोहोचले नाहीत, की कोठाराच्या लेखी नूतनीकरण झालेलेच नसते. मुदत संपल्यावर साधारण ४५ दिवसांपर्यंत सवड, मग ३० दिवस दंड भरून सोडवून घेण्याची संधी, मग ५ दिवसांनी नाव खुल्या बाजारात. ते दुसऱ्याने उचलले, तर त्या नावावर येणारी टपालही त्याचीच : बँकेची पत्रे, ग्राहकांच्या मागण्या, इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे. आणि धोक्याचा इशारा देणारे पत्र ज्या पेटीत येणार, ती पेटी पुष्कळदा त्याच नावावर चालणारी, म्हणजे आधीच बंद पडलेली.

रजिस्ट्रारांनी मालकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे अनामत ठेवावी, असे कलम आयकॅनच्या करारात पहिल्यापासून होते. ते कधी अमलातच आणले गेले नव्हते. सात-आठ वर्षे सगळे सुरळीत चालले, म्हणून कोणी आग्रह धरला नाही; या प्रकरणात आयकॅनकडे बोट दाखवायचे, तर ते इथे. आता वही मिळवण्यासाठी संस्थेला लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात जावे लागले. एप्रिलमध्ये आदेश मिळाला, नोंदी हाती आल्या. पण ज्या ग्राहकांनी गोपनीयतेसाठी जादा पैसे देऊन आपले नाव झाकून घेतले होते, त्यांच्या जागी नोंदीत फक्त पडदाच होता. जपून वागणाऱ्यांचीच मालकी सिद्ध करणे सर्वांत अवघड झाले. मे २००७ अखेर सुमारे साडेआठ लाख नावे गोडॅडीकडे सोपवण्यात आली.

त्याच वर्षी आयर्न माउंटन या कंपनीकडे नोंदींच्या प्रती ठेवण्याची व्यवस्था प्रत्यक्षात सुरू झाली. २००९ च्या सुधारित करारात रीसेलर प्रथमच ठळकपणे अवतरला : नाव कोणत्या रजिस्ट्रारच्या खात्यावर आहे, हे ग्राहकाने विचारल्यास सांगणे त्याच्यावर बंधनकारक झाले.

व्यापारी मात्र बदलत राहिले. व्हेरिसाइनने २००० मध्ये सुमारे २,१०० कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात नेटवर्क सोल्युशन्स घेतली आणि २००३ मध्ये तिचा किरकोळ विक्रीचा भाग अवघ्या १० कोटींना विकून टाकला. डॉट-कॉमचे कोठार स्वतःकडे ठेवले. त्या कोठाराचा दर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला. ईनॉम २०१७ मध्ये टूकाउजने विकत घेतली, म्हणजे दोन जुने घाऊक प्रतिस्पर्धी एका छपराखाली आले. भाविन तुराखिया यांनी २०१८ मध्ये टायटन ही कंपनी काढली. तीही डोमेन आणि होस्टिंग विकणाऱ्यांमार्फत व्यावसायिक ई-मेल पुरवते.

डॉट-कॉमच्या कोठारात नावाच्या मालकाची नोंद आजही नसते. ती रजिस्ट्रारच्या दप्तरी असते आणि तिची एक प्रत अनामत ठेवणाऱ्या त्रयस्थाकडे. त्या दप्तरातल्या ई-मेलच्या रकान्यात कोणाचा पत्ता लिहायचा, हे मात्र अजूनही बहुतेक वेळा नाव विकणाराच भरतो.