सहा पौंड आणि घरातला फोन

परवा ऑफिसात एका जागेसाठी आलेले अर्ज चाळत होते. एका बाईंचा अर्ज चांगला होता, पण मध्ये सहा वर्षांची गॅप! मुलगी लहान होती म्हणून घरी. माझ्या हाताने तो अर्ज सवयीने 'नंतर बघू'च्या गठ्ठ्यात गेला. घरी येताना मात्र स्टेफनी शर्ली आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली.

१९३९ साली नाझींच्या राज्यातून ज्यू मुलांना बाहेर काढणाऱ्या आगगाडीने, मोठ्या बहिणीबरोबर इंग्लंडला पोचलेली ही पाच वर्षांची पोर. पुढे तिथल्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी, मग कॉम्प्युटर. बाई म्हणून बढतीच्या वाटा बंद, हे लक्षात आल्यावर १९६२ साली घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी कंपनी काढली. नाव 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स', भांडवल ६ पौंड!

तेव्हा प्रोग्रामर मिळणं कठीण. शर्लीबाईंनी वेगळा विचार केला. लग्न झालं, मूल झालं की शिकल्यासवरलेल्या प्रोग्रामर बायका नोकरी सोडत होत्या. म्हणजे माणसं होती, फक्त ती घरी होती. मग त्यांनी त्यांनाच काम दिलं, तेही घरबसल्या. घरी फोन असला म्हणजे झालं.

तुम्ही म्हणाल, १९६२ साली घरी कॉम्प्युटर कुठून आला? गंमत इथेच आहे. तो लागतच नव्हता! तेव्हा प्रोग्राम कागदावर पेन्सिलीने लिहीत. तो पोस्टाने पाठवायचा, मग दुसरीकडे कार्डांवर किंवा कागदी फितीवर भोकं पाडून तो मशीनला द्यायचा. म्हणजे मूल झोपल्यावर काम होण्यासारखं होतं. अडचण यंत्राची नव्हतीच, ती साहेबांच्या डोक्यात होती.

गिऱ्हाईकं मात्र पत्रांना उत्तर देईनात. नवऱ्याने सुचवलं म्हणून त्या 'स्टीव्ह शर्ली' अशी सही करू लागल्या आणि उत्तरं यायला लागली! फोनवर पोराचा आवाज जाऊ नये म्हणून मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायच्या. १९६३ साली मुलगा झाला, पुढे त्याला तीव्र ऑटिझम असल्याचं कळलं. घर सांभाळून काम म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

याच घरबसल्या बायकांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग केलं. पहिल्या ३०० जणांत पुरुष फक्त ३. १९७५ साली स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला आणि केवळ बायकांना घेणंच बेकायदा ठरलं! मग पुरुषांनाही घ्यावं लागलं. कंपनीतला वाटा त्यांनी कर्मचाऱ्यांना दिला, त्यातले ७० जण लक्षाधीश झाले. २०२५ साली, वयाच्या ९१व्या वर्षी शर्लीबाई गेल्या.

असो. दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यातून तो अर्ज काढला आणि फोन लावला. बोलता बोलता पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाई एकदम ओशाळून "सॉरी हं मॅडम" म्हणाल्या.

म्हटलं, "अहो, होऊ दे शिट्ट्या. बुधवारी मुलाखतीला येताय ना?"