पाठीखालची थंडी

मागच्या डिसेंबरात आम्ही चौघे मित्र भंडारदऱ्याला मुक्कामी गेलो होतो. तिघांनी शहाण्यासारखा तंबू लावला. मला मात्र हौस दांडगी! नवाकोरा हॅमॉक दोन झाडांना बांधला, आत जाड स्लीपिंग बॅग टाकली आणि चांदण्या बघत आडवा झालो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली. छाती मस्त गरम, पण पाठ बर्फ! तासभर कुशी बदलल्या आणि शेवटी गुपचूप तंबूत शिरलो. सकाळी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते विचारू नका.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, तुला झोळीत घालायचो तेव्हा आधी खाली गोधडीची घडी टाकायचो. झोळीला वारा खालून लागतो." झालं! चार वर्षांची इंजिनिअरिंगची डिग्री एका वाक्यात निकालात.

खरं तर गणित सोपं आहे. ऊब पांघरुणात नसते, पांघरुणात अडकलेल्या हवेत असते. आपण आडवे झालो की अंगाच्या भाराने खालचा थर चेपतो, हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. जमिनीवर निदान वारा तरी लागत नाही. झोळीत पाठीखालून वारा सतत ऊब पळवत राहतो.

मग डोक्यात किडा शिरला. युरोपातले खलाशी शेकडो वर्षं झोळीतच झोपले ना? तेही थंड समुद्रांवर! त्यांचं कसं भागायचं?

मुळात झोळी ही थंडीसाठी नव्हतीच. 1492 मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथले लोक सुती जाळ्यांमध्ये झोपताना त्याला दिसले. 'हमाका' हा शब्द तिथल्या टाइनो लोकांचा, त्यावरूनच पुढे हॅमॉक झाला. दमट उष्ण हवा, ओली जमीन, किडे-मुंग्या... अशा ठिकाणी खालून वारा लागणं ही सोयच! पण रात्री तिथेही गारवा पडतो. हान्स स्टाडेन नावाचा एक जर्मन तोफची ब्राझीलमध्ये तुपिनांबा लोकांच्या कैदेत होता. त्याचं पुस्तक 1557 मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने लिहून ठेवलंय की हे लोक झोळीत झोपताना जवळ रात्रभर आग तेवत ठेवतात. उष्ण देशात सुचलेला साधा उपाय.

इंग्लंडच्या आरमाराने 1597 मध्ये झोळी स्वीकारली. लाकडी जहाजावर झोळीखाली जाळ कोण करणार? त्यांनी झोळी जाड कॅनव्हासची केली आणि आत गादी घातली. दर माणशी जागा किती, तर 14 इंच! खालच्या मजल्यावर शेकडो माणसं अशी खेटून टांगलेली. वास येत असेल, पण ऊब भरपूर.

आता खरी गंमत. विल्यम एडवर्ड पॅरी 1819 मध्ये दोन जहाजं आणि 94 माणसं घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात गेला आणि मेल्व्हिल बेटाजवळ बर्फात अडकून त्याने अख्खा हिवाळा काढला. जवळजवळ तीन महिने सूर्य नाही. बाहेरचं तापमान उणे 48 सेल्सिअसपर्यंत उतरलं. पण जहाजाच्या आत त्यांना छळलं ते ओलीने. माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतींवर जाऊन गोठायची. भिंतीला चिकटून बांधलेल्या बिछान्यांच्या कप्प्यांत तर हवा खेळतच नव्हती, तिथे बर्फ साचायचा. बर्फ वितळला की अंथरूण ओलं. अन् ओलं अंथरूण म्हणजे आजारपण, आणि तिथे आजारपण म्हणजे काय ते सांगायला नको. तरी 94 पैकी 93 जण घरी परतले, ही मोठीच गोष्ट.

पॅरी 1821 मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा त्याने काय केलं? जहाजाला आतून बुचाच्या लाकडाचं अस्तर लावलं आणि ते कप्पे काढून खलाशांना झोळ्या दिल्या! आता बिछान्याच्या चहूबाजूंनी आतली उबदार हवा फिरायची, त्यामुळे तो कोरडा राहायचा. ज्या हवेने माझी पाठ गारठवली, तिनेच त्यांची अंथरुणं वाचवली. आमच्या भाषेत सांगायचं तर बग आणि फीचर एकच, फक्त सिस्टिम वेगळी. फरक इतकाच, की त्यांची हवा चार भिंतींच्या आतली होती, माझी उघड्या माळावरची.

त्याच मोहिमेत, 1822 च्या फेब्रुवारीत, जहाजांच्या जवळ इन्युइट लोकांची वस्ती त्यांना भेटली. बर्फाच्या घरात हे लोक उंच ओट्यावर झोपत, कारण गरम हवा वर जाते. आणि अंगाखाली आधी काटक्यांचा थर, त्यावर कॅरिबूची जाड कातडी. म्हणजे भर कशावर? अंथरुणावर! त्यांच्याकडे डिग्री नव्हती, पण उत्तर होतं. आईकडेही होतं.

आजकाल हॅमॉकसाठी खास पिसांची रजई मिळते. ती झोळीच्या आत न घालता बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची. अंगाचा भार तिच्यावर येतच नाही, त्यामुळे ती फुगलेली राहते आणि हवा आत अडकून राहते. कल्पना झकास, पण किंमत वाचून मला गरम व्हायला लागलं.

असो. या डिसेंबरात पुन्हा भंडारदरा ठरलंय. आईने दोन जुन्या गोधड्या काढून ठेवल्यात. एक आत घालीन, दुसरी खालून सैलसर बांधीन.

तंबूत या वेळी जागा मिळणार नाही, असं मित्रांनी आधीच बजावलंय!